सातव्या कूपाची राख

माझे सासरे कुणावरही विश्वास ठेवत नसत, आणि सरपणावर तर मुळीच नाही. लग्न होऊन मी बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी चुलीत सारलेलं लाकूड त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर ओढलं. टोक धुमसत होतं. ते त्यांनी बादलीत बुडवलं, दारातल्या उजेडात नेलं, कापलेल्या बाजूवर अंगठ्याचं नख ओढलं, वास घेतला आणि मला विचारलं की हे कुणी आणलं. मी म्हटलं, मामंजी, मी तर कालच आले. "म्हणूनच तुला विचारतोय," ते म्हणाले. "तुझं अजून कुणाशी साटंलोटं झालेलं नसेल." सासूबाई आतून म्हणाल्या की उत्तर देत बसू नकोस, वरण शिजायचं राहील.

सासूबाईंनी हे पंचवीस वर्षं सोसलं होतं. लाकडाच्या गाड्या पाणीदरवाज्याकडून शहरात येत. आमच्या ओट्यावर मामंजी बसलेले असत, आणि नोकरी सुटून दोन वर्षं झाली तरी गाडीला हात करायची त्यांची खोड सुटली नव्हती, म्हणून गाडीवान आमची गल्ली टाळून लांबचा वळसा घेत. मोळीच्या बाहेरून पळस आणि पोटात कोवळा साग दडवलेला असला, तर मोळी न सोडता ते सांगत. एखादा गाडीवान वैतागून म्हणे, दादा, हवे तो तमे घेर बेठा, जवा दो ने, आता तर तुम्ही घरी बसलात, जाऊ द्या ना. मामंजी म्हणत, घरी बसलो म्हणून डोळे फुटले नाहीत माझे. गाडी परत जाई आणि त्या दिवशी आमच्याकडं चूल बंद, दहीपोहे. "बडोदं रोज सकाळी एक टेकडी चुलीत घालतं," असं ते आम्हालाच ऐकवत, जणू टेकडी मीच फुंकत होते.

अशा ह्या माणसाच्या एका संशयामुळं एक अख्खा पाडा उठायची वेळ आली होती, आणि ती निस्तरायला ते निघाले तेव्हा आम्ही घरच्या बायकांनी, त्यांच्याकडूनच शिकलेला संशय वापरून, होता तो पुरावा पाण्यात बुडवला. ते सांगायलाच मी बसले आहे. पण आधी माणूस कळायला हवा.

मामंजी संस्थानच्या जंगल खात्यात होते. बोडेलीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला जी कोरडी जंगलं लागतात, उन्हाळ्यात पान न् पान गाळून उघडी पडणारी, तिथं त्यांची उमर गेली. लाकूडतोडे त्यांना चारबोटे साहेब म्हणत. तोडलेल्या झाडाचा बुडखा जमिनीपासून चार बोटांहून उंच राहता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. तोही तिरका कापलेला हवा, म्हणजे पाणी साचून कुजत नाही आणि मुळापासून धुमारे जोमानं येतात. वाकायला कंबर दुखते म्हणून माणसं गुडघ्याच्या उंचीवर घाव घालतात. मग धुमारे वरच फुटतात आणि पहिल्या वाऱ्याला मोडतात. मामंजी प्रत्येक बुडख्याशी उकिडवे बसत आणि बोटं आडवी लावून बघत. नेहमी उजवा हात, कारण डाव्याची बोटं किंचित जाड आहेत अशी त्यांना शंका होती. एकदा एका मुकादमानं उंच बुडख्यांभोवती माती ओढून चार बोटं भरवली. मामंजींनी नखांनी माती उकरली आणि त्याला दुपारभर त्यातल्याच एका बुडख्यावर बसवून ठेवलं.

जंगलाचे वाटे पाडायचे, दर वर्षी एकच वाटा तोडायचा आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, ही त्यांच्या खात्याची रीत. अशा एकेका वाट्याला कूप म्हणतात. शेवटचा कूप तोडून होईपर्यंत पहिला पुन्हा उभा राहिलेला असतो. ही रीत त्यांनी घरातही आणली होती. परसातल्या शेवग्याचे त्यांनी पाच वाटे पाडले होते, आणि पाळी नसलेल्या फांदीची शेंग आमटीत दिसली तर जेवता जेवता चौकशी सुरू होई. मी एकदा हसून म्हटलं, मामंजी, शेंगा तोडल्यानं झाड मरत नाही. ते ताटावरून उठले नाहीत, पण गंभीर झाले.

"कुऱ्हाडीनंसुद्धा मरत नाही, सूनबाई. तोडलेलं झाड परत येतं, फक्त त्याला चार पावसाळे कुणी छळू नये. बकरी शेंडा खाते, वैशाखात वणवा येतो, वर ठेकेदार येऊन म्हणतो इथं काही राहिलं नाही, पुढचं जंगल द्या. म्हणजे मग ते मेलं."

माणसांची पारख करायची त्यांची एक पद्धत होती. कुठलीही गोष्ट ते दोनदा विचारत, एकदा सकाळी आणि एकदा जेवणानंतर. त्यांचं म्हणणं, पोट भरलं की माणसाला सकाळचं खोटं नीट आठवत नाही. दूधवाला, शेजारच्या काकू, माझ्या माहेरून आलेला भाऊ, सगळ्यांना ह्यातून जावं लागे. भाऊ बिचारा नवसारीहून आंबे घेऊन आला होता. आंबे कुठल्या झाडाचे हे दोनदा सांगून तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. आमचे हे शाळेत मास्तर होते, ते म्हणत की बाबांचं मनावर घेऊ नकोस. सांगायला काय जातं? खरं म्हणजे मलाही हळूहळू ती सवय लागली. लग्नाला तीन वर्षं होईतो मी धोब्याला दोनदा विचारू लागले होते.

मग मामंजी दर महिन्याला कुठंसं जाऊ लागले. पहाटे गोयागेटच्या स्टेशनावर जाऊन छोटी गाडी पकडायची आणि दोन दिवसांनी धुळीनं माखून यायचं. कुठं जाता म्हटलं की म्हणत, बघायला. काय बघायला, ते नाही. जाताना गूळ आणि तंबाखू बरोबर नेत. आता हा माणूस कुणाकडं जाताना काही घेऊन जाणाऱ्यातला नव्हता, गूळ तर नाहीच. सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या गुळाच्या ढेपेवर नखानं खूण करून ठेवू लागल्या. शेजारच्या काकू मला गच्चीवर गाठून म्हणाल्या की रानातल्या नोकरीत पुरुषांची दोन घरं असतात, नवल नाही. मला राग आला, आणि रागावूनही मी ते सासूबाईंना सांगितलं, हे माझं चुकलं.

सासूबाईंनी मामंजींच्या पलंगाखालची पेटी उघडली, ती पौषातली गोष्ट. मामंजी गावाला गेले होते. पेटीत कागदाच्या एकवीस पुड्या निघाल्या, प्रत्येक लाल दोऱ्यानं बांधलेली, आणि प्रत्येकीत राख. काही काळी, काही पांढरी पिठासारखी, काहींत विटकरी रंगाची माती. वर मोडीत काही लिहिलेलं. महाराजांच्या हुकमानं मुलींच्या शाळा निघाल्या त्यांतल्या एकीत मी बाळबोध आणि गुजराती शिकले होते, मोडी मला येत नव्हती. सासूबाईंना तर कुठलीच लिपी येत नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मला तीन वर्षं मूल नव्हतं. शब्द मीच उच्चारला, करणी.

आज लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा मला बरंही वाटलं होतं, ते का लपवू? तीन वर्षं सगळा दोष माझ्या अंगाला चिकटला होता, तो एकदम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी विश्वामित्रीवर गेलो आणि एकेक पुडी सोडून वाहत्या पाण्यात टाकली. दोरेसुद्धा. सासूबाईंनी मागं वळून बघू नकोस म्हणून बजावलं. घरी येऊन आम्ही डोक्यावरून पाणी घेतलं.

मामंजी आले आणि त्यांना पेटी हलकी लागली. सकाळी त्यांनी मला विचारलं, पुड्या कुणी हलवल्या. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पाटावरच रडायला लागले. सगळं सांगितलं. करणीचं, काकूंचं, गुळाच्या ढेपेचंसुद्धा. सासूबाई दाराआड उभ्या होत्या, त्या पुढं येऊन म्हणाल्या की मी टाकल्या, तिला बोलू नका. मामंजींनी ओला हात पंचाला पुसला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सासूबाई नंतर म्हणाल्या, आपण होऊन काहीतरी सांगितलं.

नगजी राठवा म्हणून सातव्या कूपाचा रखवालदार होता. त्याचा पाडा, दहा-बारा झोपड्यांचा, कूपाला लागूनच. मोहाच्या झाडाला तिकडं महुडा म्हणतात. फाल्गुनात थंडी सरता सरता पाड्यातली माणसं महुड्याखालचा पाला झाडून जाळत, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात आणि वेचता येतात. ती वाळवून ठेवली की पिकं येईपर्यंतचे अवघड महिने निघतात. मामंजींना त्यात फक्त आग दिसली. रखवालदारच विस्तव लावू देतो, तेव्हा तो फितूर आहे, असा त्यांनी अहवाल केला. नगजीची नोकरी गेली. कूपात झाडणं, जाळणं, फुलं वेचणं, सगळं गुन्हा ठरलं. तीन वर्षं कुठं धूर दिसला नाही आणि मामंजींना समाधान वाटलं. पण तीन वर्षांचा पाला घोटा बुडेल एवढा साठला, तो वैशाखात वाळून खडखडीत झाला, आणि चौथ्या वर्षी सातवा कूप सगळा पेटला. चार बोटांच्या बुडख्यांवर माणसाएवढे वाढलेले धुमारे मुळाशी भाजून गेले. मामंजींनी शेवटचा अहवाल लिहिला, की पाड्यातल्या माणसांनी हे सूड म्हणून केलं. मग ते नोकरीतून सुटले.

"सूडानं लावलेली आग पाड्याच्या अंगानं सुरू झाली असती," ते आम्हाला म्हणाले. "ही कूपाच्या पोटात सुरू झाली, ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीला जाणाऱ्या वाटेवर. मी ते बघितलं होतं आणि लिहिलं नाही, कारण ते माझ्या म्हणण्याशी जुळत नव्हतं. जन्मभर लोकांवर संशय घेतला. घरी बसल्यावर घ्यायला मी एकटाच उरलो."

मागल्या वैशाखात कूप दुसऱ्यांदा जळाला होता. आता पाडाच तिथून उठवावा असं घाटत होतं, आणि त्याला आधार होता मामंजींचाच अहवाल. म्हणून ते जात होते. आग लागून गेलेल्या प्रत्येक जागेची राख त्यांनी आणली होती. पाड्याच्या अंगणातल्या महुड्यांखाली लोक अजून चोरून पाला जाळत, तिथली राख काळी, अर्धी जळलेली पानं तशीच. कूपातली राख पांढरी, आणि तिच्याखालची माती विटेसारखी भाजलेली. काळी राख म्हणजे आग वरून गेली, झाडाचं काही बिघडलं नाही. पांढरी म्हणजे मुळं गेली. कुठली पुडी कुठली ते मोडीत लिहिलेलं होतं. मधल्या पावसात जंगलातली राख धुऊन गेली होती, तेव्हा पुन्हा गोळा करायला काही उरलं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं की आता काय करायचं. मामंजी म्हणाले, राख गेली, आता माणूस न्यावा लागेल.

माघात ते खात्याच्या साहेबांकडं गेले. हे साहेब एकेकाळी मामंजींच्याच हाताखाली उमेदवारी करत होते, आणि बुडख्याला बोटं लावायला त्यांच्याकडूनच शिकले होते. त्यांनी मामंजींना खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दादासाहेब, जबानी बदलणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकू नये, त्याच्यामागं कोण उभा आहे ते आधी बघावं, हे आपणच शिकवलंत. आपण आता तिकडं गूळ घेऊन जाता, हेही माझ्या कानावर आहे." मामंजी घरी येऊन हे सांगताना म्हणाले की पोरगा तयार झाला आहे. त्यांच्या आवाजात अभिमान होता की दुःख, मला सांगता आलं नाही. एवढं मात्र त्यांनी कबूल करून घेतलं होतं की साहेब फाल्गुनात स्वतः जागेवर येतील. पाड्यातला एक तरी माणूस साहेबांसमोर म्हणाला, की आम्ही दर वर्षी असा असा पाला जाळत होतो आणि तेव्हा वणवा येत नव्हता, तर फेरविचार होईल.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण तसं म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं होतं. आणि कुणापुढं? मामंजींच्याच शब्दावर नोकरी घालवून बसलेल्या माणसानं, मामंजींच्याच शब्दावर विसंबून, खात्याच्या साहेबापुढं. पाड्यात चालायला लागलेल्या पोरालासुद्धा शिकवलेलं असे, की खात्याचा माणूस विस्तवाचं विचारू लागला की मान हलवायची. मामंजी महिन्याभरात तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा नगजी भेटला नाही, दुसऱ्यांदा भेटून बोलला नाही. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, साहेब, आ वखते कोने फसाववो छे, ह्या वेळी कुणाला अडकवायचंय. मामंजी म्हणाले, मला. नगजीनं बराच विचार करून होकार दिला. तो होकार टिकेल की नाही ह्याची मामंजींना खात्री नव्हती, आणि ते आम्हाला तसं सांगतही होते.

त्या वर्षी मामंजींचा हात लिहिताना कापू लागला होता, म्हणून फाल्गुनात मी बरोबर गेले. सासूबाईंनीच पाठवलं. म्हणाल्या, बुडवलंय आपण दोघींनी, एकीनं तरी जायला हवं. छोट्या गाडीनं बोडेली, पुढं बैलगाडी. मी असं जंगल पहिल्यांदाच बघत होते. सगळी झाडं उघडी, पाऊल टाकलं की पाला चुरचुरे, आणि मधूनच पळस फुललेला. सातव्या कूपात मात्र पळससुद्धा नव्हता. काळे बुडखे आणि गवत. मामंजी गाडीतून उतरले आणि सवयीनं पहिल्या बुडख्याशी बसले, बोटं लावली आणि तसेच उठले.

साहेब घोड्यावरून आले होते. त्यांचा कारकून तापानं बोडेलीलाच राहिला होता, तेव्हा जबानी मी लिहावी असं ठरलं. त्याआधी त्यांनी मला दोन ओळी लिहून दाखवायला लावल्या. कूपाच्या कडेला एक जुना महुडा होता, त्याच्याखाली आम्ही बसलो. पाडा सगळा थोड्या अंतरावर उभा होता, बायका पुढं, बाप्ये मागं. नगजी पुढं आला. मला वाटलं होतं कुणी धिप्पाड असेल, पण तो बारकासा माणूस होता, आणि डोक्याचं फडकं काढून दोन्ही हातांनी धरून होता. साहेबांनी सरळ विचारलं, इथं तुम्ही दर वर्षी विस्तव लावत होता का.

नगजीनं साहेबांकडं बघितलं, घोड्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या टाकाकडं बघितलं. म्हणाला, "ना साहेब. अमे कोई दी आग लगाडी नथी."

आम्ही कधीच लावली नाही. संपलं. साहेबांनी मामंजींकडं नुसतं पाहिलं आणि ते उठायला लागले. मला नगजीचा इतका संताप आला की वाटलं ओरडून सांगावं, हे सगळं तुझ्यासाठी चाललंय. मामंजी रागावलेले दिसले नाहीत. ते माझ्याशी, हळू आवाजात बोलले. "त्याचं बरोबर आहे. मीच शिकवलंय त्याला हे."

मग त्यांनी अंगातला कोट काढून माझ्याकडं दिला. कूपाबाहेरच्या पळसाची एक डहाळी मोडली आणि महुड्याखालचा पाला झाडायला लागले. मधून बाहेर नाही, बाहेरून मध्ये. बुंध्याजवळचा पाला मात्र आधी दूर ओढला, मग बाहेरच्या कडेला दोन हात रुंद पट्टा उघडा केला, आणि उरलेल्या पाल्याचा पातळ थर पसरून ठेवला. हे त्यांनी लपून बसून पाड्याचं बघितलेलं असणार, दुसऱ्या कुणाकडून शिकलेलं नव्हतं. सकाळचा गारवा होता, पाल्याला अजून दंव होतं. साहेबांना कळायच्या आत त्यांनी काडी ओढली. आग जेमतेम वीतभर उंच झाली, धूर करत कडेपर्यंत चालत गेली आणि उघड्या जमिनीपाशी आपोआप विझली. एवढंच. मामंजींनी त्या काळ्या राखेवर तळहात ठेवला आणि साहेबांना म्हणाले, ठेवून बघा. साहेबांनी ठेवला. कडेला सागाचा एक कोवळा धुमारा होता, त्याचं खालचं पान करपलं होतं, शेंडा हिरवा होता.

"दादासाहेब, हा गुन्हा आहे," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"आहेच. लिहून घ्या. मी दुसऱ्यांचे पुष्कळ लिहिले."

साहेबांनी मला खूण केली. मी टाक बुडवला. मामंजींनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, राहणार बडोदे, पूर्वीचा हुद्दा, सगळं सांगितलं, आणि राखीव कूपात बुद्ध्या विस्तव लावला असं वाक्य त्यांनीच घातलं. बुद्ध्या, म्हणजे जाणूनबुजून, हा शब्द मी लिहायची राहिले, तर त्यांनी थांबवून लिहायला लावला. सुनेनं सासऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, आणि मी ते सरकारी कागदावर आरोपीच्या जागी लिहीत होते. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मी मान मागं घेतली, तेव्हा शेजारी नगजी उभा दिसला. तो जमिनीकडं बघत होता, जिथं राख होती तिथं.

"बेन," तो म्हणाला, "मारुं नाम पण लखो."

माझंही नाव लिहा. आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. स्वतःचं, बापाचं, आजाचं. त्याच्या आजानं कसं झाडायला शिकवलं, होळीच्या आत का जाळायचं, कुठली झाडं सोडायची, बुडख्यापासून किती लांब राहायचं. न विचारता, एकामागून एक, सगळी वर्षं. गुजरातीत सांगत होता, मी बाळबोधीत उतरवत होते, आणि साहेब मला थांबवत नव्हते. मामंजी महुड्याला टेकून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं ते घरात होते, पण त्यांना तसं बसलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पाडा उठला नाही. दोघांवरचा गुन्हा दप्तरी तसाच राहिला, साहेबांना तो पुसता आला नाही आणि मामंजींनी पुसू दिला नसता. साहेबांनी पुढं हुकूम केला की सातव्या कूपात बकऱ्या बंद, भट्टीची वाट बंद, आणि महुड्याखालचा पाला पाड्यानं होळीच्या आत झाडून जाळावा. पण साहेब मामंजींचेच चेले, त्यांनी एक अट घातलीच: जाळताना कुणी जबाबदार माणूस हजर असावा आणि त्यानं सही करावी. दर फाल्गुनात मामंजी जात. परत आले की सासूबाईंना धुमाऱ्यांची उंची सांगत, कधी कमरेएवढी, मग छातीएवढी. तरी पुढच्या वर्षी वणवा येईल अशी त्यांना शंका असेच. पाच फाल्गुन गेले आणि आला नाही.

सहाव्या वर्षी पौषात मामंजी गेले. दोन दिवसांचा ताप. वैद्यानं औषध दिलं तेव्हा त्यात काय काय आहे हे त्यांनी सकाळी विचारलं, आणि दुपारी विचारायला राहिले नाहीत. घर एकदम सैल पडल्यासारखं झालं. कुणी काही विचारत नसे. मला ते सोसत नव्हतं.

माघ संपता संपता नगजी दारात आला. बोडेलीहून गाडीनं आला होता, बडोदं त्यानं पहिल्यांदाच बघितलं होतं, आणि विचारत विचारत दांडिया बाजारात पोचला होता. ओट्यावर बसायला तयार होईना. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं, मग आत बोलावून जेवायला वाढलं. बोलता बोलता तो म्हणाला की पाला वाळला आहे, होळी जवळ आली आहे, आणि चारबोटे साहेब तर आता नाहीत, मग सही कोण करणार? दुसऱ्या कुणाला आणलं तर तो काय लिहील, सांगता येत नाही. आमचे हे म्हणाले की खात्याला अर्ज करू. सासूबाई म्हणाल्या की अर्जाचं उत्तर येईपर्यंत वैशाख येईल. त्यांनी माझ्या मांडीवरची दोन वर्षांची पोर उचलून स्वतःकडं घेतली.

"जा तू," त्या मला म्हणाल्या. "तुला सही करता येते."

मी मामंजींचा तो कोट अंगात घातला आणि नगजीबरोबर गोयागेटला गेले.